पावडीतला खळगा

मित्रांनो, थोडा वेळ माझ्यासोबत या. मनात एक गल्ली आणा. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, प्रत्येक घराच्या ओसरीला लागून एक खोली, आणि प्रत्येक खोलीतून येणारा एकच आवाज: खट्-खटाक्, खट्-खटाक्. कोणाचा जरा पुढे, कोणाचा जरा मागे, जणू पुष्कळ माणसं एकाच वाटेने चालली आहेत. दिसली गल्ली? आता ते सगळे आवाज एकदम थांबवा.

जी शांतता उरली, तिला आमच्या आंधळगावच्या विणकरांच्या गल्लीत एकच अर्थ आहे. कोणीतरी गेलं. गल्लीत मृत्यू झाला की सगळे हातमाग थांबतात. एरवी सणाला थांबतात, पण तेव्हा पोरांचा गलका असतो. ही शांतता वेगळी असते. ती मी ऐकली आहे, आणि ती अजून माझ्या लाकडात आहे.

मी त्या गल्लीतला जुना माग. माझा सांगाडा सागवानाचा आहे आणि निम्मं अंग जमिनीत आहे. विणणारा माणूस खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि तिथल्या लाकडी पट्ट्या आळीपाळीने दाबतो. त्या पट्ट्यांना पावडी म्हणतात. पावडी दाबली की उभे धागे उघडतात. मग त्यांच्यामधून धोटा फेकायचा आणि फणी ओढून ठोका द्यायचा. धोट्याच्या पोटात धाग्याची कांडी असते. ती संपली की दुसरी घालायची. माझ्यावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं जातं, उन्हात वाळलेल्या भाताच्या तणसाच्या रंगाचं.

मला डोमाने बसवलं. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. खड्डा त्याने स्वतः खणला, आणि त्याची बायको पार्वताबाई हिने मला हळदकुंकू लावून पहिली कांडी हातात दिली. डोमाचा उजवा पाय पावडीवर जरा तिरका पडायचा. टाच एकाच जागी घासून घासून तिथे एक खळगा पडला. तो खळगा लक्षात ठेवा.

डोमाचे दिवस सारखे नव्हते. काही महिने तो असा विणायचा की शेजारी दाराशी येऊन उभे राहायचे. जेवणाची शुद्ध नसायची, बोलायला लागला की थांबायचा नाही. लोक म्हणत, डोमाच्या हातात देव आला. आणि मग काही कारण नसताना तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अर्धं कापड माझ्यावर तसंच ताणलेलं राहायचं. लोक म्हणत, डोमा आळशी झाला. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल, हे कोणाच्याच मनात आलं नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी तो गावाबाहेरच्या तलावाकडे गेला आणि परत आला नाही. त्याचा धाकटा मुलगा प्रफुल्ल तेव्हा माझ्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. त्याचे पाय पावडीपर्यंत पोचत नव्हते. गल्लीतले माग पलीकडच्या टोकापासून एकामागून एक थांबत आमच्या घरापर्यंत आले.

"आई, सगळे काहून थांबले?" पोराने विचारलं.

पार्वताबाईने उत्तर दिलं नाही. पुढेही कधी दिलं नाही.

तिने माझ्यावर ताडपत्री टाकली. कोंबड्या माझ्या फणीखाली अंडी घालू लागल्या. वारा आत शिरला की सुटलेली पावडी हलायची, ओसरीवर आवाज जायचा, आणि बाया म्हणायच्या, "डोमा बसते वो अजून मागावर." मित्रांनो, माझ्यावर कोणी बसत नव्हतं. पण इतकी वर्षं तेच ऐकल्यावर मलाही पावडी हलली की दचकायला व्हायचं.

प्रफुल्ल मोठा झाला तेव्हा त्याने ताडपत्री काढली. मला तेल दिलं, नवी दोरी बांधली. शेजारच्या जागेश्वर आबाजीने त्याला विणणं शिकवलं. तो पहिल्यांदा माझ्यावर बसला आणि त्याची उजवी टाच सरळ त्या खळग्यात गेली. तीच टाच, तसाच तिरका पाय. लाकडाला थंडी वाजते का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी वाजली.

मग या घरात प्रतिक्षा आली, पवनीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातली. मागाबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "आमच्याकडे चिखलात पाय घालतात, तुमच्याकडे खड्ड्यात. पाय बुडवल्याबिगर पोट भरत नाही बाप्पा कोठंच." ती कांड्या भरायला शिकली. तो विणायचा, ती जवळ बसून चरखा फिरवायची. त्यांना खुशबू झाली. ती माझ्या सावलीत रांगली. माझी चांगली वर्षं कोणती असं कोणी विचारलं, तर मी ती सांगेन.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्याकडे तेव्हा गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, लेकी माहेरी येतात, नाटकं होतात, साड्यांना मागणी असते. प्रफुल्लचा पाय भराभर पडू लागला. आधी मला आनंदच झाला. कोणत्या मागाला होणार नाही?

"अबे प्रफुल्ल, हा माग हाय का रेल्वे?" जागेश्वर आबाजी दारातून म्हणाला.

"रेल्वे टेसनावर थांबते आबाजी. मी नाही थांबत."

सगळे हसले. तो तुमसरला, भंडाऱ्याला, नागपूरला माग बसवण्याच्या गोष्टी बोलू लागला. बांगड्या विकायला आलेल्या बाईला त्याने नवी कोरी साडी देऊन टाकली, मग तिच्यासोबतच्या बाईलाही. प्रतिक्षा म्हणायची, "जरा पाठ टेकता का?" तो म्हणायचा, "मले झोप लागूनच नाही राहिली, तं कायले टेकू?" पार्वताबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माग वाजते म्हणजे घर जिते."

ही आमच्या गल्लीची जुनी म्हण आहे. माग बंद पडला की सगळे विचारतात, काय झालं? माग वाजत असला की कोणी विचारत नाही. मला मात्र त्या खळग्यातून आणखी कोणाचा तरी पाय जाणवत होता.

थंडी सरता सरता माझा आवाज बंद झाला. प्रफुल्ल भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच भिंतीकडे. मग गल्ली धावली. पार्वताबाईने माझ्या खांबाला काळा दोरा आणि लिंबू बांधलं. प्रफुल्लचा मोठा भाऊ विनोद तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला होता, तो सुट्टी टाकून आला. दारातून माझ्याकडे बघत म्हणाला, "हा मागच खाऊन राहिला आपल्या घरची मानसं. आरी आना."

प्रतिक्षा माझ्यासमोर उभी राहिली. "लाकूड कापून तुमचा भाऊ उठत असन, तं कापा भाऊजी. आन नाही उठला तं? मंग काय कापसान?"

विनोद उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "तं काय करू सांग."

"भंडाऱ्याले दवाखान्यात घेऊन चाला माह्यासंगं. मले एकटीनं नाही होत."

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. ते प्रतिक्षाने परत आल्यावर जागेश्वर आबाजीला याच खोलीत बसून सांगितलं. "डॉक्टरीणबाईनं सारं विचारलं. किती दिवस पडून हायेत, जेवतात का, मरनाच्या गोष्टी करतात का. मंग म्हनल्या, त्याआधी कसे होते? मी म्हनलं, त्याआधी तं लय चांगले होते बाई, त्याहीचा माग थांबतच नव्हता. तं त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हनल्या, थांबतच नव्हता, मग ते चांगलं कसं?"

या आजाराला बायपोलर म्हणतात, असं डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. कधी मन उसळून फार वर जातं, कधी पार तळाला बसतं. दोन्ही टोकं एकाच आजाराची. ही बाहेरची बाधा नाही आणि यात कोणाचा दोष नाही. औषध, वेळेवर झोप आणि जवळची माणसं असली तर तो आटोक्यात राहतो. फक्त बरं वाटतं म्हणून आपल्या मनाने गोळी सोडायची नाही.

"आपन सारे चूप झालेला माग आयकत होतो, आबाजी," प्रतिक्षा म्हणाली. "वाजनारा कोनी आयकलाच नाही."

ओसरीवर पार्वताबाईच्या सुपातला आवाज थांबला होता. ती उठली, आत आली, तिने माझ्या खांबाचं लिंबू सोडलं आणि ती निघून गेली.

मित्रांनो, आजारी माणसाची सोबत करणारं माणूस म्हणजे रागावत नाही, थकत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही. प्रतिक्षा रागावायची. प्रफुल्लला हळूहळू बरं वाटू लागलं, तो पुन्हा माझ्यावर बसू लागला, पण गोळ्यांनी त्याचे हात बारीक थरथरायचे आणि कोशाचा धागा तुटायचा. धागा जोडता जोडता तो म्हणायचा, "असे हात घेऊन जगन्याले काय अर्थ हाय?" एकदा तिने चरखा ढकलून दिला.

"मी बी मानूस हावो. मले बी भिंतीकडे तोंड करून पडावं वाटते. पन भिंत एकच हाय, आन ते तुमीच धरून ठेवली."

 तो हसला, कितीतरी महिन्यांनी. त्या दिवशी चरखा त्याने ओढून घेतला, आणि ती दुपारभर झोपली. थरथरत्या हातांनी त्याने भरलेल्या कांड्या सैल झाल्या होत्या. तिने त्याच वापरायला लावल्या.

ती त्याला पुन्हा भंडाऱ्याला घेऊन गेली. औषधाचं प्रमाण थोडं बदललं, थरथर कमी झाली. दिवेलागणीला माग बंद करायचा, हा घरचा नियम झाला. आणि एका शांत दुपारी प्रफुल्लने स्वतःच विषय काढला.

"वर चढतो तवा मले आतून समजत नाही. मले वाटते, मी आत्ताच खरा बरा झालो. तवा तू माह्या हातातला धोटा माग."

"आन तुमी देला नाही तं?"

"रागावीन. तरी माग. हात पुढं करून बस."

खुशबू तिथेच पाटी पुसत होती. "मी बी मागू?"

"नाही," प्रतिक्षा म्हणाली. "हे लेकराचं काम नाही. तुले काही दिसलं तं मले सांगजो. मी नसन तं आजीले, नाही तं जागेश्वर आबाजीले. तेवढंच."

यंदा पुन्हा मंडईचे दिवस जवळ आले. हातात साड्यांचं काम होतं. प्रफुल्लला हात अगदी स्थिर हवे होते. बरं वाटतच होतं, म्हणून त्याने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. घरात ते कोणाला कळण्याआधी मला कळलं. पाय भराभर पडू लागला. ठोके एकमेकांवर चढू लागले. खळग्यात पुन्हा दोन टाचा होत्या. मला ओरडून सांगता आलं असतं, तर मी सांगितलं असतं. पण मागाला एकच आवाज असतो, आणि तो ऐकून गल्ली खूश होत होती.

प्रतिक्षा मात्र आता वाजणारा माग ऐकायला शिकली होती. तिने गोळ्यांची पुडी उघडून पाहिली, आतल्या गोळ्या तशाच होत्या, आणि तिने दवाखान्यात फोन लावला. आजच घेऊन या, असं तिकडून सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने हात पुढे केला.

"धोटा द्या."

"एवढी किनार होऊ दे."

"ठरलं होतं आपलं. द्या."

"तवा मी आजारी होतो. आता पाह्य नं, मी बरा हावो. आवाज आयक, कसा गोड चालून राहिला."

"तुमाले आयकू येऊन राहिला का तुमचा आवाज?"

"साऱ्या गल्लीत माग वाजून राहिले. कोनाचा कोनता, कसा समजन?" तो हसला. त्याचे डोळे तलावाच्या पाण्यावर ऊन पडावं तसे चमकत होते. धोटा थांबला नाही. प्रतिक्षाचा हात पुढेच राहिला.

दाराच्या पायरीवर खुशबू दप्तर घेऊन उभी होती. शाळेतून आत्ताच आली होती. तिने दप्तर खाली ठेवलं आणि गेली.

जागेश्वर आबाजीच्या आणि माझ्या खोलीत एकच मातीची भिंत आहे. प्रफुल्लला माझ्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. मला भिंतीतून येत होतं.

"आबाजी, तुमचा माग थांबवा नं."

"काहून माय?"

"बाबाले आपला आवाज आयकूच येऊन नाही राहिला. तुमच्या साऱ्याईच्या आवाजात तो लपून राहिला."

आबाजीची सून रुपा मध्येच म्हणाली, "अवो पोरी, असा माग थांबवत नसतात. कोनी गेल्याबिगर थांबवला तं अपशकुन होते."

पलीकडून आणखी दोन ठोके आले. मग आबाजी म्हणाला, "गेल्यावर तं थांबवतोच नं आपन. डोमासाठी बी थांबवला होता मी. त्याले काय कामी आला? जित्यासाठी एकडाव थांबवून पाहू."

आणि भिंतीपलीकडचा माग थांबला.

खुशबूच्या चपलांचा आवाज पुढच्या दारी गेला. तिथला माग थांबला. मग समोरचा. मग त्याच्या पलीकडचा. जो आवाज एकदा त्या टोकाकडून आमच्याकडे मरत आला होता, तो आज आमच्या घरापासून त्या टोकाकडे थांबत गेला.

परसातून पार्वताबाई धावत आली. तिचे हात ओले होते. "कोन गेलं? बाई, कोनाच्या घरचं गेलं?"

गल्लीतून खुशबूचं उत्तर आलं. "कोनी नाही आजी. अजून कोनीच नाही गेलं."

आता अख्ख्या गल्लीत मी एकटा वाजत होतो. खट्-खटाक्-खट्-खट्-खटाक्. त्या शांततेत मी स्वतःला ऐकलं आणि मला माझी भीती वाटली. हा चालण्याचा आवाज नव्हता. कोणीतरी कोणाच्या तरी मागे धावत असल्याचा होता.

प्रफुल्लचा हात हळू झाला. त्याने मान वर केली, खड्ड्याच्या त्या काठाकडे पाहिलं, जिथे कधीकाळी त्याचे पाय खाली पोचत नव्हते.

"आई," तो म्हणाला, "सगळे काहून थांबले?"

पार्वताबाई दाराची चौकट धरून उभी होती. या वेळी तिने उत्तर दिलं. "तुह्यासाठी, बापू. तुह्या बाबाचा बी माग असाच वाजे. मी ओसरीवर बसून आयको, आन मले वाटे, घर जिते."

प्रफुल्लने पाय उचलला, पावडी वर आली.  मग त्याने धोटा उचलला, त्यातली कांडी काढली आणि दोन्ही गोष्टी प्रतिक्षाच्या हातावर ठेवल्या. तिचा हात अवघडला होता. मूठ वळायला वेळ लागला.

"विनोदले फोन लाव, भंडाऱ्याले जाऊ," तो म्हणाला. "तो संगं असला तं मी गाडीतून उतरनार नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाची काळजी सोपी आहे. धूळ पुसली, तेल दिलं, की झालं. माणसाची अवघड. तुमच्या घरात, शेजारात कोणी गप्प झालं तर त्याच्याजवळ जा, पण कोणी न थांबता वाजत सुटलं तरी जा. त्याला भूत म्हणू नका, देव तर मुळीच म्हणू नका. जे दिसेल ते मोठ्यांना सांगा. आणि जो त्याच्यापुढे हात करून बसला आहे, त्यालाही विसरू नका, कारण एकट्याचा हात अवघडतो. त्याला गल्ली लागते.

खुशबू परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिने चपला काढल्या आणि खड्ड्याच्या काठावर बाबाला चिकटून बसली. पाय खाली सोडले. तिचे पाय आता पावडीपर्यंत पोचतात. तिच्या अंगठ्याला तो खळगा लागला. तिने तो खड्ड्यातल्या अंधारात जरा चाचपून पाहिला, पण टाच त्यात ठेवली नाही. तिने पाय उचलला आणि बाबाच्या पावलावर ठेवला.